आईचं प्रेगुन्तो

पायात चपला घातलेल्या माणसाला ‘कुठे चाललास’ असं विचारायची आमच्या घरात कुणाची प्राज्ञा नव्हती. अगदीच राहवलं नाही तर ‘लांब का?’ एवढं म्हणायची मुभा होती आणि त्यावर समोरच्याने नुसतं ‘हं’ करायचं. निघताना ‘कुठे’ हा शब्द कानावर पडला की ते काम फिसकटलंच, असं आई मानायची. मानायची म्हणजे काय, तिची खात्रीच होती. चुकून कुणी विचारलंच तर उंबऱ्यातून मागे फिरायचं, जरा टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. हे आमच्याकडेच होतं असं नाही, तेव्हा घरोघरी होतं. पण आमच्या आईइतकी त्याची कडक अंमलबजावणी अख्ख्या अंधेरीत कुणी केली नसेल. आता आमच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये शिरलं की वरच्या मजल्यावरची पोरगी कानातलं यंत्र काढून मला हसत विचारते, ‘आजी, कुठे?’ मी सांगते, भाजीला. पोरगी गोड आहे, पण या वयातही मागे फिरून घोटभर पाणी प्यावंसं वाटतंच.

हा टॉवर उभा आहे तिथेच आमची जुनी दुमजली बिल्डिंग होती. दोन खोल्या, लांबट गॅलरी आणि खाली विहीर. विमानतळ जवळ, त्यामुळे दिवसभर डोक्यावरून विमानं जायची. विमान आलं की बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून थांबायचा आणि आवाज ओसरला की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचा. आम्हाला त्यात काही वाटायचं नाही, पाहुणे मात्र भांबावायचे. बाबा पार्ल्याच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. माझा मोठा भाऊ श्रीधर, म्हणजे दादा, जहाजावरच्या रेडिओचा कोर्स करत होता आणि घरभर बोटांनी संदेशाची टकटक करत फिरायचा. मी शाळेत. आणि दुपारी जेवणं उरकली की आई गॅलरीच्या तोंडाशी पाय पसरून वाल सोलायला बसायची. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकलेले, त्यांचा तो कडवट हिरवा वास, आणि चिमटीत दाबला की सालातून सुटून परातीत पडणारा एकेक दाणा. बिरडं मी आजही करते. पण वाल सोललेले आणते बाजारातून, आणि आईच्या हाताची चव येत नाही म्हणून स्वतःवरच चिडते.

या घरात एक फादर यायला लागले. स्पेनमधल्या कुठल्याशा डोंगराळ गावचे, उंच, लालबुंद, सायकलवर बसताना पांढरा झगा कमरेशी खोचून घेणारे. त्यांना मराठी शिकायचं होतं आणि कुणीतरी बाबांचं नाव सांगितलं होतं. फादर पुस्तकातून शिकलेले, त्यामुळे त्यांचं मराठी भयंकर शुद्ध. भाजीवालीलाही ‘आपण’ म्हणायचे. एकदा बाबा मुख्याध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला निघाले होते. इस्त्रीचा शर्ट, हातावर दही, सगळं यथासांग झालं होतं. जिना उतरून फाटकाशी जातात तो फादर सायकलवरून उतरले, हात जोडले आणि पुस्तकात होतं तसं खणखणीत विचारलं, ‘नमस्कार. आपण कुठे निघालात?’ गॅलरीत आईने कपाळावर हात मारून घेतला. बाबा तिथूनच मागे वळले, जिना चढून वर आले, खुर्चीवर बसले आणि पाणी प्यायले. फादर बिचारे धापा टाकत मागोमाग वर आले. त्यांना वाटलं, बाबांना चक्कर आली. ती जागा बाबांना मिळाली नाही आणि त्याचं खापर आईने जन्मभर फादरच्या डोक्यावर फोडलं. चहा मात्र ते येतील तेव्हा आलं घालून दिला.

बाबांनी त्यांना दुसऱ्या दिवशी सगळं समजावून सांगितलं. फादर हसले नाहीत. म्हणाले, मग आपलं माणूस कुठे आहे हे तुम्हाला कळतं कसं? आतून आई म्हणाली, आल्यावर सांगतात की. फादर म्हणाले, त्यांच्या गावाला आई खिडकीतून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायची, कुठे चाललास, कुणाबरोबर, कधी येणार. ज्या दिवशी ती विचारायची नाही त्या दिवशी समजायचं, ती रागावली आहे. मग त्यांनी आम्हाला त्यांच्या भाषेतलं ते क्रियापद सांगितलं, प्रेगुन्तार. विचारणं. प्रेगुन्तो म्हणजे मी विचारतो. ‘ते प्रेगुन्तो’ म्हणजे मी तुला विचारतो, आणि ‘मे प्रेगुन्तो’ म्हणजे मी माझं मलाच विचारतो, मनाशी नवल करतो. मागण्याला त्यांच्याकडे वेगळा शब्द होता, आपल्यासारखाच. इंग्रजांनी दोन्हीला ‘आस्क’ हा एकच शब्द ठेवला याचं फादरना भारी हसू यायचं. त्या दिवसापासून बाबा फादरना मराठी शिकवायचे आणि तास संपला की फादर दादाला स्पॅनिश शिकवायचे, जहाजावर उपयोगी पडेल म्हणून. मी मध्येच घुसून बसायची. मला कुणी हाकललं नाही.

आणि मग आम्हा दोघांना पळवाट सापडली. दादा केस विंचरून निघाला की मी दारात आडवी उभी राहून म्हणायची, ‘प्रेगुन्तो’. तो हळूच सांगून टाकायचा, वर्सोव्याला, किंवा गोरेगावला शूटिंग बघायला, किंवा नुसताच ‘उगाच’. आईच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तिने बाबांकडे तक्रार नेली. बाबांनी वर्गात द्यावा तसा निकाल दिला की दोष मराठीत विचारण्याला आहे, परक्या भाषेत लागत नाही. आईला ते पटलं असावं, कारण पुढे पुढे दादा निघाला की ती वाल सोलता सोलता मला डोळ्यांनी खुणावायची. कधी कोपराने ढोसायची, विचार गं त्याला तुझ्या त्या भाषेत. मी विचारायची, तो सांगायचा, मी मराठीत आईला सांगायची आणि ती काही ऐकलंच नाही असा चेहरा करून पुढचा दाणा उचलायची. काय मजेचे दिवस होते ते. या एका गोष्टीसाठी मी आजही त्या घरात पुन्हा राहायला तयार आहे, तिथल्या पाण्याच्या बोंबेसकट.

दादाला जहाजावर नोकरी लागली. परदेशी मालवाहू जहाज, कुठून कुठे जाईल त्याचा नेम नाही. बाबांनी पेढे वाटले, फादरनी मिठी मारली.  आईने ट्रंक भरली, लाडू केले, लोकरीच्या बनियनला टाके घातले. ती इतकी शांत होती की आम्ही सगळे गाफील राहिलो. जायच्या दिवशी सकाळपासून शेजारीपाजारी येऊन गेले. खाली टॅक्सी येऊन उभी राहिली. फादरही आले होते, दाराशी टोपी हातात धरून उभे होते. आईने दादाच्या हातावर दही घातलं. तो वाकून सगळ्यांच्या पाया पडला, चपला सोडून त्या दिवशी बूट घातले होते त्याने, ट्रंक उचलली आणि म्हणाला, ‘येतो आई.’ त्यावर आई अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘कुठे चाललास रे?’

आम्हाला वाटलं, चुकून गेलं तोंडातून. बाबा ‘अगं!’ म्हणाले तेवढंच. दादाने ट्रंक खाली ठेवली, खुर्चीवर बसला, मी पाणी दिलं, ते प्यायला आणि उठला. पुन्हा म्हणाला, येतो. आणि आईने पुन्हा विचारलं, कुठे चाललास. तेव्हा मला कळलं. ती मुद्दाम विचारत होती. जन्मभर ज्या शब्दाला घाबरली, तोच शब्द तिने हातात घेतला होता, त्याचं जाणं मोडावं म्हणून. दादा पुन्हा बसला. त्यालाही कळलं होतं, तरी बसला. मी पुन्हा पाणी आणलं. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता, गोदीत ठरल्या वेळी हजर व्हायचं होतं आणि बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. तिसऱ्यांदा तिने विचारलं तेव्हा दादा खुर्चीत बसला नाही. तो तिच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला आणि एकेक बंदर सांगायला लागला. कोलंबो, मग सिंगापूर, मग तो मोठा समुद्र, मग कायाओ, वालपराइसो. त्याला माहीत होती तेवढी सगळी सांगितली. आईने प्रत्येक नाव मान हलवून ऐकलं. संपल्यावर म्हणाली, ‘आणि परत कधी?’

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, ‘ते मला नको विचारू गं. तेच मी माझं मला विचारतोय.’

आई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. दादा उठला. मग ट्रंक उचलून जिना उतरला, या वेळी कुणी काही विचारलं नाही. टॅक्सी वळली तेव्हा डोक्यावरून एक विमान गेलं आणि गाडीचा आवाज मला ऐकूच आला नाही. मागे स्वयंपाकघरात आई ओट्याला पाठ लावून बसली होती. मी जवळ गेले तर म्हणाली, चहा टाक, फादर उभे आहेत.

पहिला करार संपल्यावर तो एकदा घरी येऊन गेला. काळा पडलेला, खांदे भरलेले, मराठी बोलताना ‘पण’च्या जागी ‘पेरो’ म्हणायचा. आईने त्याला नुसतं खाऊ घातलं आणि जाताना काही विचारलं नाही. पुढच्या फेरीत तो वालपराइसोला उतरला तो उतरलाच. त्या स्पॅनिश बोलणाऱ्या बंदरात नोकरी मिळाली, मग मार्ता भेटली, मग मुलं झाली. इकडे आईने मनाशी पक्कं धरलं की हे सगळं तिच्या त्या ‘कुठे’मुळे झालं. तिने वाट मोडायला घेतली ती जाण्याची, आणि मोडली ती येण्याची. बाबांनी हजार वेळा सांगितलं की असं काही नसतं. मुख्याध्यापकपदाचं बिनसलं तेव्हा मात्र बाबाही पाणी प्यायले होते, हे ती विसरली नव्हती.

पत्रं लिहायचा दादाला कंटाळा. त्याने एकदा कुणा खलाशाबरोबर टेपरेकॉर्डर पाठवला आणि मग आमच्या कॅसेट जायला लागल्या. रविवारी दुपारी यंत्र परातीच्या शेजारी ठेवायचं. आई पहिल्या पहिल्यांदा पत्राचा मायनाच म्हणायची, चिरंजीव श्रीधर यास अनेक आशीर्वाद, आणि लाजून थांबायची. मग सरावली. आज बिरडं केलंय, कोळणीने कोलंबी बरी दिली, विहिरीला झाकण बसवलं, असं सगळं सांगायची. विमान आलं की आम्ही थांबायचो, यंत्र चालूच राहायचं. दादाने एकदा उत्तरात सांगितलं की ती विमानंसुद्धा तो पूर्ण ऐकतो. पण कॅसेट सुरू करायच्या आधी आईची एक ताकीद असायची. कधी येणार, हे कुणी विचारायचं नाही. बाबांनी नाही, मी नाही. विचारलं की फिसकटेल. आम्ही ते पाळलं. एकदा मला राहवेना, तर मी म्हटलं, मी स्पॅनिशमध्ये विचारते ना, त्याला कुठे दोष लागतो? आईने यंत्रावर हात ठेवला. म्हणाली, ‘त्या भाषेतही नको आता. तो त्याच भाषेत राहतो.’

 

मग मीच तिला ‘मे प्रेगुन्तो’ची आठवण करून दिली. हे दुसऱ्याला विचारणं नव्हे, आपलं आपल्यालाच, म्हटलं. तिने नीट समजून घेतलं. ते कुणाला ऐकू जात नाही ना, विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाली, मग चालेल. त्या दिवसापासून ते तिचं झालं. वाल सोलताना, तांदूळ निवडताना, गॅलरीतले कपडे काढताना ती हलकेच पुटपुटायची, मे प्रेगुन्तो, आणि पुढचं वाक्य कधीच नसायचं. शेजारच्या काकूंना वाटायचं, आईने फादरकडून कसलासा मंत्र घेतला. माझं लग्न झालं, मी अंधेरीतच चार गल्ल्या पलीकडे राहायला गेले, बँकेत लागले. फादर म्हातारे होऊन त्यांच्या गावी परतले. बाबा गेले तेव्हा दादाला वेळेत निघणं जमलं नाही. फोन आले, मग स्वस्त झाले. दर आठवड्याला आई त्याच्याशी बोलायची. जेवतोस ना, गुडघा काय म्हणतो, नातीला दात आले का, सगळं विचारायची. ते एक सोडून. इतकी वर्षं आम्ही धरून चाललो होतो की दादाला कारण ठाऊक आहे. तीनदा पाणी प्यायलेला माणूस, त्याला नाही कळणार तर कुणाला?

तो आला तेव्हा आईने ऐंशी ओलांडली होती आणि बिल्डिंग पाडून टॉवर उभा राहिला होता, मीही आईजवळ परत राहायला आले होते. निवृत्त झाला म्हणून आला. डोक्यावर एक केस नाही, चालताना एक पाय ओढतो. विमानतळावर मी त्याला ओळखलं नाही, त्याने मला ओळखलं. आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली आणि म्हणाली, टक्कल बाबांचं घेतलंस. पहिले दिवस नुसते खाण्यात आणि झोपण्यात गेले. मग एका दुपारी आम्ही तिघंच जेवायला बसलो होतो. त्याने बिरड्यात भाकरी कुस्करली आणि खाली मान घालूनच बोलायला लागला. म्हणाला, सगळ्या कॅसेट अजून आहेत त्याच्याकडे. पहिली काही वर्षं तो प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत ऐकायचा, शेवटी तरी कुणी विचारेल म्हणून. मार्ताची आई त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात जातानासुद्धा विचारायची, कधी येशील. तिकडे सगळेच विचारतात. आणि आपल्या घरून एकदाही कुणी विचारलं नाही.

‘मला वाटलं, तुझा राग गेला नाही त्या दिवसाचा,’ तो आईला म्हणाला. ‘मग वाटलं, तुम्हाला सवय झाली. यायचे पैसे जमले होते गं, दोनदा तर रजाही मंजूर झाली. पण आपण घरी कुणाला हवे आहोत का, तेच कळेना.’

 मला ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, ती रोज विचारत होती, दिवसातून किती वेळा, तुझ्या भाषेत विचारत होती. पण आईने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. तिने पाण्याचं भांडं बाजूला सारलं.

‘विचारलं असतं तर आला असतास?’

दादाने वर बघितलं. त्याला खोटं बोलता आलं असतं, आणि बोलायला हवं होतं असं मला त्या क्षणी वाटलं. पण आईशी खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती.

‘हो,’ तो म्हणाला.

आईने डोळे मिटले.  मग तिने डोळे उघडले, हात पदराला पुसला आणि त्याच्या मनगटावर ठेवला.

‘मग आता विचारते. परत कधी येशील?’

त्याचं तिकीट पुढच्या आठवड्याचं होतं. तिकडे मार्ता आजारी होती, मुलांची मुलं होती, एक घर होतं. तो आईच्या हाताकडे बघत राहिला. या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे बावीस-पंचविशीत नव्हतं आणि आता तर नव्हतंच.  आईने त्याच्या मनगटावर दोनदा थोपटलं.

‘असू दे,’ ती म्हणाली. ‘विचारलं मी. बरं वाटलं.’

आणि भाकरीचा तुकडा मोडून ती जेवायला लागली.